नियमाबाहेरची क्रियापदं

“कॉदॉ!” मी ओरडले.

सकाळचा सराव नुकताच संपला होता. पळून पळून पोरींचे चेहरे लालबुंद झाले होते. आता मैदानाला एक फेरी नुसती चालत मारा, पाय मोकळे करा, एवढंच मला सांगायचं होतं. पण सगळ्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि एकमेकींकडे बघायला लागल्या.

“कॉदॉ, कॉदॉ!” मी हात हलवून पुन्हा म्हटलं.

मग कर्णधार हेरान खाली वाकली आणि तिनं ट्रॅकपँटचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडला. मग दुसरा. तिचं बघून बाकीच्यांनीही दुमडले. समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला, आणि माझा अख्खा संघ भातलावणीला निघाल्यासारखा उघड्या पोटऱ्यांनी माझ्यासमोर उभा! कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग कुणालाच आवरेना.

मैदानाच्या कडेला प्राध्यापक नाम उभे होते. विद्यापीठाचा क्रीडा विभाग त्यांच्याकडे होता आणि मला भारतातून त्यांनीच बोलावून घेतलं होतं. ते जवळ आले आणि इंग्रजीतून हळूच म्हणाले, “शालन कोच, तुम्ही त्यांना पँट वर करायला सांगितलंत.”

“मी चाला म्हटलं!”

“चालणं म्हणजे ‘कॉत्ता’, बरोबर. पण चाल म्हणायचं तर ‘कॉरॉ’. ‘कॉदॉ’ म्हणजे दुमडून वर घे.”

“असं का?”

“का म्हणजे?” ते गोंधळले. “तसंच आहे.”

मी शालन ओलेकर, सांगली जिल्ह्यातली. राज्याच्या संघात चढाई करायचे. एका निवड चाचणीत गुडघा गेला आणि खेळ संपला. घरच्यांनी ‘जीव वाचला, पुष्कळ झालं’ म्हणून विषय मिटवला होता. त्यानंतर दोन वर्षांनी बुसानच्या एका विद्यापीठातल्या मुलींना कबड्डी शिकवायला कुणीतरी हवंय असं कळलं. मी गेले. मला पहिल्यांदा कुणीतरी ‘कोच’ म्हणालं ते तिथे, परमुलखात.

कोरियन मी तिथे गेल्यावरच शिकायला घेतली. माझा पहिला शब्द होता ‘चाप्ता’, पकडणं. त्याचं ‘चाबा’ केलं की झालं ‘पकड!’ कबड्डीच्या माणसाला याहून चांगली सुरुवात कुठली मिळणार? मला वाटलं, किल्ली सापडली. शेवटचा ‘ता’ काढायचा, ‘आ’ नाहीतर ‘ऑ’ लावायचा, की आज्ञा तयार. त्याच किल्लीनं मी ‘तोप्ता’ म्हणजे मदत करणं याचं ‘तोबा’ केलं आणि सरावात घसा फोडून ‘तोबा! तोबा!’ ओरडत राहिले. ते ‘तोवा’ असतं. पोरी खेळायच्या थांबून तोंडावर हात ठेवायच्या.

पँटवाल्या सकाळनंतर प्राध्यापक नाम मला म्हणाले, “तुम्ही इंग्रजीत बोला, मी भाषांतर करतो.”

तेही करून पाहिलं. माझं इंग्रजी, त्यावर त्यांचं कोरियन. तेवढ्यात चढाईला आलेली पोरगी गडी बाद करून परत जाऊन पाणी पीत असायची. पहिल्या दोन्ही सामन्यांत आम्ही सपाटून मार खाल्ला. दुसऱ्या सामन्यानंतर नाम सरांनी मला ऑफिसात बोलावलं.

“विद्यापीठाला हा संघ जड झालाय,” ते म्हणाले. “वर्षअखेरच्या स्पर्धेत करंडक आला तर चालू ठेवतील. नाहीतर वसंतात बंद.”

“आणि मुलींच्या शिष्यवृत्त्या?”

“त्याही.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमचा करारही.”

त्याच आठवड्यात गावाकडून धाकट्या भावाचा, बाळासोचा फोन आला. “अक्का, आपल्या हायस्कूलात खेळाच्या बाईंची जागा निघालीया. ये की परत. तिकडं कुणाची वाट बघालाईस?”

“बघू,” म्हटलं आणि फोन ठेवला. हरून मात्र परत जायचं नव्हतं.

मी राहायचे ओकजा हाल्मोनींच्या घरी. हाल्मोनी म्हणजे आजी. वरच्या मजल्यावरच्या खोल्या त्या भाड्यानं द्यायच्या. आयुष्यभर शाळेत कोरियन भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि रात्रीचं जेवण सगळ्या भाडेकरूंना स्वतःच्या समोर बसवून वाढायच्या. माझं कोरियन मोडकं, त्यांचं इंग्रजी त्याहून मोडकं. मध्ये हातवारे आणि चमचे. मुळ्याचं सूप ढवळत मी त्यांना पँटची गोष्ट सांगितली. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“हसू नका, हाल्मोनी. तुमची भाषाच लबाड आहे. ‘चाप्ता’ सरळ वागतो, ‘तोप्ता’ का नाही वागत?”

“काही क्रियापदं नियमात राहतात. काही नाही राहत,” त्या म्हणाल्या. “तुमच्या भाषेत सगळी शहाणी आहेत वाटतं?”

“सगळी!” मी छाती पुढे काढून म्हटलं. “बस, बसला. ऊठ, उठला. पळ, पळाला.”

“‘जाणं’ म्हणून दाखव.”

“जा...” मी म्हटलं, “गेला.”

हाल्मोनींनी चमचा खाली ठेवला. “‘जा’ कुठे गेला?”

मी उत्तर शोधायला लागले. शोधता शोधता ‘ये, आला’ तोंडात आलं, ‘कर, केलं’ आलं, ‘मर, मेला’ आलं. चौतीस वर्षं ही भाषा बोलत होते आणि एकदाही हे ध्यानात आलं नव्हतं. बाळासोचा मुलगा लहानपणी ‘आत्या, मी करलं’ म्हणायचा, आणि आम्ही त्याचे मुके घ्यायचो.

“तेच तू करतेस,” हाल्मोनी म्हणाल्या. “लहान मूल अगदी नियमानं बोलतं. म्हणून तर चुकतं.”

“मग ही नियमाबाहेरची ओळखायची कशी?”

“माणसं ओळखतो तशी. एकेकाशी राहून.” त्यांनी माझ्या वाडग्यात आणखी सूप ओतलं. मी सवयीनं ‘कोमावॉयो’ म्हटलं, म्हणजे आभारी आहे. त्यांनी लगेच बोट उचललं. “बघ! ‘कोमाप्ता’ हाही नियमाबाहेरचाच. रोज बरोबर म्हणतेस, कारण रोज मनापासून म्हणतेस.”

जेवण झाल्यावर खरकटं टाकायला त्यांनी मागचं दार उघडलं आणि वारा आत घुसला. “आयगो, छुबॉरा!” त्या कुडकुडत म्हणाल्या.

मी ताडकन उभी राहिले. थंडी वाजणं म्हणजे ‘छुप्ता’, पण बोलताना त्याचं ‘छुवॉ’ होतं. कालच त्यांनी शिकवलं होतं. “हाल्मोनी! तुम्ही ‘छुबॉ’ म्हणालात!”

त्या दारातच थांबल्या. मग लाजून हसल्या. “आमच्या या बाजूला असंच म्हणतात. शाळेत पोरांना ‘छुवॉ’ शिकवलं आणि घरी येऊन आयुष्यभर ‘छुबॉ’ म्हटलं. तुझी ती ‘तोबा’ आहे ना, ती ऐकून पोरी हसतात कारण त्यांच्या गावाकडच्या आज्या तशाच बोलतात.”

मला राज्याच्या संघाचं पुण्याचं शिबिर आठवलं. मी ‘काय करालाईस?’ म्हटलं की तिथल्या मुली हसायच्या, आणि मी हळूहळू बोलायचीच बंद झाले होते. इथे तसं होऊ द्यायचं नाही, असं त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी नाम सरांना भाषांतराला बोलावणं बंद केलं. चुकायचे तर चुकायचे. प्रत्येक वाक्य ‘तुरॉ!’ असं ओरडून सुरू करायचे. ऐकणं म्हणजे ‘तुत्ता’, त्याचं ‘तुरॉ’, म्हणजे ‘ऐक!’ तेही नियमाबाहेरचंच, पण ते माझ्या जिभेला चिकटलं. तुरॉ, पाय मागे घे. तुरॉ, हातांची साखळी सोडू नको. पोरी हसायच्या, मला बरोबर रूप सांगायच्या, मी ते दहादा घोकायचे. पुढच्या लढती आम्ही जिंकायला लागलो. ते बघून दुसऱ्या संघांच्या पोरी आपल्या बाकावरून माझी नक्कल करायला लागल्या. मी काही बोलायच्या आत तिकडून ‘तुरॉ! तुरॉ!’ असा गजर व्हायचा. मी मनावर घेतलं नाही. चेष्टा करायला का होईना, ऐकत होत्या.

एका पोरीनं मात्र मला कोड्यात टाकलं होतं. बोम. डाव्या कोपऱ्यात खेळायची. मासळी बाजारात काम करणाऱ्या बाईची मुलगी, मनगटं लोखंडी. घोटा धरला की सुटायचा नाही. पण धरायची आणि तशीच थांबायची. समोरची पोरगी तिला फरफटत मध्यरेषेपर्यंत न्यायची आणि हात टेकवून मोकळी व्हायची. धरल्यावर चढाईवालीला उचललं पाहिजे. जमिनीवरचे पाय सुटले की तिचा सगळा जोर संपतो. हे मी तिला हजारदा करून दाखवलं होतं.

एका दुपारी मी तिला एकटीला थांबवून घेतलं. माझा घोटा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, “तुरॉ!”

बोम घोटा धरून माझ्याकडे बघत राहिली.

“तुरॉ!”

“हो कोच,” ती म्हणाली. “ऐकतेय.”

“ऐक नाही! उचल! उचल!”

उचलणं म्हणजे ‘तुल्दा’. उचल म्हणायचं तर त्याचंही ‘तुरॉ’च होतं. ऐकणं आणि उचलणं ही दोन वेगळी क्रियापदं, एक नियमाबाहेरचं, एक नियमातलं, आणि आज्ञा करायला गेलं की दोन्हींचा आवाज अगदी एक. हाल्मोनींनी सांगितलं होतं, पण त्या क्षणी मलाही सुचलं नव्हतं. बोमच्या डोक्यात प्रकाश पडला. ती घोटा सोडून मॅटवर बसली आणि हसत सुटली. मीही बसले. महिनाभर ही पोरगी माझी आज्ञा पाळून, मन लावून, नुसती ऐकत होती!

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, “पण कळलं असतं तरी मी उचललं नसतं, कोच. शाळेत ज्यूडो खेळताना मैत्रिणीला उचललं होतं. ती मानेवर पडली. सहा महिने अंथरुणात होती.”

“आता कशी आहे?”

“बरी आहे. माझ्याशी बोलते. मीच उचलत नाही.”

मी उभी राहिले. “मला उचल.”

“तुमचा गुडघा...”

“म्हणून तर मला उचल. मला नीट खाली ठेवता आलं तर कुणालाही येईल.”

तिनं माझा घोटा धरला. मी तिला दाखवलं, दुसरा हात कुठे घालायचा, पाठीला आधार कसा द्यायचा, साथीदार आली की वजन कसं वाटून घ्यायचं. पहिल्यांदा मी वीतभरच वर गेले. संध्याकाळपर्यंत तिनं मला पोत्यासारखं उचललं आणि अंड्यासारखं खाली ठेवलं. गुडघा दोन दिवस ठणकत होता, पण कुणाला सांगितलं नाही.

वर्षअखेरची स्पर्धा बुसानलाच होती, आणि आम्ही अंतिम फेरीत पोचलो. समोर सोलचा संघ, सलग तीन वर्षांचा विजेता. त्यांची कू सोही म्हणजे उंच, शांत आणि मांजरासारखी चपळ. तिला त्या वर्षी कुणीच अडवू शकलं नव्हतं. नाम सर स्पर्धेच्या आयोजकांत होते, त्यामुळे त्यांना आमच्या बाकाजवळ यायची परवानगी नव्हती. ते समोरच्या टेबलाशी बसून नुसते हात चोळत होते. वर प्रेक्षकांत ओकजा हाल्मोनी होत्या. कबड्डी त्या आयुष्यात पहिल्यांदाच बघत होत्या, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मोठमोठ्यानं समजावून सांगत होत्या.

सामना शेवटपर्यंत मागे-पुढे होत राहिला. शेवटी एक चढाई उरली, तीही त्यांची. आम्ही एका गुणानं मागे. आमच्या मॅटवर तिघीच उरल्या होत्या: हेरान, बोम आणि पहिल्या वर्षाची एक पोरगी. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली तर अव्वल पकड धरतात, दोन गुण मिळतात. म्हणजे पकडलं तर करंडक आमचा. पण कूला गुण आणायची गरजच नव्हती. तिनं आत येऊन निदान रेषा, चढाईत ओलांडावीच लागते ती, ओलांडायची, अंगाला हात लागू न देता वेळ काढायचा आणि परत जायचं. लांब राहणाऱ्या मांजरीला पकडणार कशी? तिलाच जवळ यायचा मोह पडायला हवा होता.

मी टाइमआउट मागितला. तिघी धावत आल्या. पलीकडे सोलच्या बाकावरून माझ्या नावानं गजर चालूच होता, ‘तुरॉ! तुरॉ!’ आणि तो ऐकता ऐकताच मला सुचलं.

“जवळ या,” मी म्हटलं. “मी ‘तुरॉ’ ओरडेन. बोम, तू मान वळवून माझ्याकडे बघ. नेहमीसारखी. कूला वाटेल कोच ओरडतेय, कोपरा बेसावध आहे. ती पाय टाकेल.”

“आणि मग?” हेराननं विचारलं.

“मी ओरडेन ते ‘तुत्ता’चं ‘तुरॉ’ नाही.” मी बोमकडे बघितलं. “‘तुल्दा’चं.”

बोम हसली. हेरानला समजलं, तीही हसली. पोरटी नवीन होती, तिलाही समजलं. एका गुणानं मागे, शेवटची चढाई, आणि माझ्या तिन्ही पोरी तोंड दाबून हसताहेत! समोरचे नाम सर उठून उभे राहिले. त्यांना वाटलं असणार, मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलले.

“आणि बोम,” मी म्हटलं, “तिला खाली नीट ठेव.”

“ठेवेन, कोच.”

कू आली. कबड्डी, कबड्डी, एका संथ लयीत. निदान रेषा ओलांडली आणि तिथेच डावीउजवीकडे डुलत राहिली. हेरान पुढे झाली की ती मागे. घड्याळ पळत होतं. मी थांबले. आणखी थांबले. कूची नजर एकदा बोमच्या पायावर गेली आणि तिथून हटली नाही, तेव्हा मी फुप्फुसांत मावेल तेवढी सगळी हवा भरून घेतली.

“तुरॉ!”

सोलचा बाक हसला. बोमनं मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं, आज्ञाधारक मुलीसारखी. कू विजेसारखी आत झेपावली आणि तिचा पाय बोमच्या दिशेनं आला.

बोमनं माझ्याकडेच बघत घोटा धरला. आणि उचलला.

कूचा दुसरा पाय मॅटवरून सुटला. पोहणाऱ्यासारखे तिचे हात मध्यरेषेकडे पसरले, पण खाली जमीनच नव्हती. तेवढ्यात हेरान आली आणि तिनं कंबर धरली. पोरटीनं दुसरा पाय धरला. तिघींनी मिळून तिला मध्यरेषेपासून दोन पावलं मागे नेलं आणि बोमनं एक हात पाठीखाली घालून तिला मॅटवर ठेवलं. आपटलं नाही. ठेवलं.

शिट्टी झाली.

नंतरचं सलग आठवत नाही. आमच्या पोरींचा ढीग, त्यात मी कधी गेले ते कळलं नाही. नाम सर टेबलावरून कागद उडवत धावत आले, माझे दोन्ही हात धरले आणि कोरियनमध्ये घडाघडा बोलत सुटले. भाषांतर करायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मला मात्र प्रत्येक शब्द समजला. संघ राहणार होता. पोरींच्या शिष्यवृत्त्या राहणार होत्या. वरून हाल्मोनींचा आवाज आला, “माझी विद्यार्थिनी! ती माझी विद्यार्थिनी!” शेजारचा तो बिचारा माणूस त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

बक्षीस समारंभ संपला, गर्दी पांगली. मी पाण्याच्या बाटल्या गोळा करत होते. मागून कुणीतरी आदरानं ‘कोचनिम’ म्हणालं. कू सोही होती. रडून डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. तिनं वाकून नमस्कार केला.

“एक विचारू? ते ‘तुरॉ’ कोणतं होतं?”

“तुल्दा,” मी म्हटलं.

तिच्या ओठांचा एक कोपरा वर गेला. “मला वाटलं, तुत्ता.”

“म्हणूनच तर आलीस.”

“मला आजवर कुणी उचललं नव्हतं,” ती म्हणाली. “हवेत असताना काय करायचं ते मला येत नाही. तुम्ही शिकवाल?”

दुसऱ्या संघाची, देशातली सगळ्यात चांगली चढाईवाली, मला, सांगलीच्या शालन ओलेकरला विचारत होती. आणि मला एकही शब्द मनात जुळवावा लागला नाही.

“उद्या सकाळी आमचा सराव आहे,” मी म्हटलं. “करंडक आला म्हणून सुट्टी नाही.”

तिच्या संघाची बस त्याच संध्याकाळी सोलला निघून गेली. त्याला आता बरीच वर्षं झाली. नंतर कू आणि बोम देशाच्या संघात शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या, आणि त्या संघाची कोच मी होते. पण मला विचाराल तर तो दिवस काही मोठा नव्हता. मोठी होती ती करंडकानंतरची सकाळ. धुकं अजून उतरलं नव्हतं, पोरी जांभया देत मैदानाकडे येत होत्या, आणि फाटकाशी, पाठीवर बॅग, हातात बूट, कू सोही एकटी उभी होती.

बोम पुढे झाली आणि तिनं फाटक उघडलं.